रक्त शुद्ध आहे का ते नको, लग्नाआधी रक्त तपासा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत डीएनए टेस्ट करून पूर्वज शोधणाऱ्या लोकांवरचा लेख वाचला, लेख छानच होता, पण तो आमच्या समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला आणि 'आपलं रक्त किती शुद्ध आहे ते आता सायन्सच सांगेल' असं सुरू झालं, म्हणून हे पत्र.

सायन्स बरोब्बर उलटं सांगतंय हो. 2013 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि जीनवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी आपल्या उपखंडातल्या 73 समाजांचे नमुने तपासले. साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वीच्या काळात इथले लोक एकमेकांत भरपूर मिसळले, उत्तरेचे, दक्षिणेचे, आज स्वतःला उच्च म्हणवणारे, आदिवासी, सगळेच. नंतर हळूहळू जातीबाहेर लग्नं बंद झाली. म्हणजे शुद्ध असं कुणी उरलेलंच नाही, आधी मिसळण झाली आणि मग दारं लावली एवढंच. जगाचंही तेच, 1972 मध्ये लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने हिशोब मांडला होता की माणसामाणसांतला जवळपास 85 टक्के जनुकीय फरक एकाच लोकसमूहाच्या आतच असतो.

पण मला खरं बोलायचंय ते दारं लावल्यावर काय झालं त्याबद्दल. 2017 च्या अभ्यासात 260 हून जास्त समाज तपासले, त्यातले 81 असे निघाले की ते फार थोड्या पूर्वजांपासून वाढलेत, फिनलंडचे लोक किंवा अश्केनाझी (म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातले) ज्यू यांच्यापेक्षाही थोड्या, आणि त्यातल्या 14 समाजांची लोकसंख्या तर आज 10 लाखांच्या वर आहे. समाज मोठा म्हणजे धोका नाही असं अजिबात नाही. एखाद्या पूर्वजाच्या जीनमध्ये दोष असेल तर तो समाजातच फिरत राहतो, आई आणि वडील दोघांकडूनही तोच आला की मूल आजारी. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात एक एन्झाइम कमी असण्याचं प्रमाण खूप आहे, अशा माणसाला ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायचं ठराविक औषध दिलं तर त्याचा असर तासन्‌तास उतरत नाही, श्वास मशीनवर ठेवावा लागतो. हे आधी माहीत असेल तर डॉक्टर दुसरं औषध वापरतात, विषय संपला.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. थॅलेसेमिया हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, त्याची एचपीएलसी टेस्ट (रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी) बहुतेक वेळा बाई गरोदर राहिल्यावरच येते. तिचा हिमोग्लोबिन ए2 हा प्रकार पाच टक्क्यांच्या वर, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त, मग नवऱ्याला बोलवायचं, त्याचाही तसाच, दोघंही मायनर, म्हणजे दोषाचे नुसते वाहक, दोघंही ठणठणीत, आणि सोबत आलेल्या सासूबाई म्हणतात 'आमच्या खानदानात असलं काही नाही'. दर गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता 25 टक्के, मेजर म्हणजे दर थोड्या आठवड्यांनी रक्त चढवायचं, हे त्यांना त्या बाकावर बसून समजावताना जीव तुटतो. हीच टेस्ट लग्न ठरायच्या आधी झाली असती तर? विदर्भातल्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच, तो पसरला मलेरियामुळे, कारण वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, पण दोन वाहकांचं लग्न झालं की गणित तेच 25 टक्क्यांचं.

सायप्रसमध्ये दर 7 माणसांत साधारण 1 थॅलेसेमियाचा वाहक. तिथे चर्चनेच लग्नाआधी टेस्टचं सर्टिफिकेट मागायला सुरुवात केली, लग्नाला मनाई नाही, निर्णय त्या दोघांचाच, तरी मेजर मुलांचे जन्म जवळपास थांबले. आपल्याकडे वधू-वर मेळावे घेणारी मंडळं गावोगाव आहेत, बायोडेटाच्या फॉर्मवर गोत्र, नाडी, देवक सगळ्याला रकाना असतो. त्याच मेळाव्यात रक्त घेण्याचं एक टेबल लावा, रिपोर्ट फक्त त्या मुलामुलीच्या हातात द्या, आणि वाहक निघालेल्या मुलीला कुणी नावं ठेवणार नाही ही जबाबदारी मंडळाने घ्यावी.

आपल्या पुरवणीत लग्नसराईच्या आधी एचपीएलसी आणि सिकलसेल टेस्टची माहिती, ती सरकारी दवाखान्यात कुठे होते त्यासकट, चौकटीत छापावी ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, नागपूर