आईच्या डोक्यावरच्या खळग्यांबद्दल

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बायोप्सीची तारीख मी रद्द केली आहे. बाबा, रागावू नका, आधी पूर्ण वाचा. फोनवर तुम्ही गूगलचं वाचून दाखवता, मागे आई रडते आणि माझं सांगायचं राहूनच जातं.

सीटीच्या रिपोर्टातल्या ‘मेटास्टॅसिसची शक्यता नाकारता येत नाही’, म्हणजे कॅन्सर हाडात पसरला असू शकतो, या एका ओळीने तुमची झोप उडाली. म्हणून मी सगळा सीटी स्वतः पाहिला, आमच्या न्यूरोरेडिऑलॉजीच्या सरांना आईचं नाव न सांगता दाखवला. दोघांचं मत एकच पडलं: बायपरायटल थिनिंग. माथ्याच्या दोन्ही बाजूंची हाडं उतारवयात बाहेरून झिजत जातात. क्वचित दिसतं, म्हणून पाहणारा दचकतो. कॅन्सर हाड कुठेही, वेडंवाकडं पोखरतो, आतला थरही सोडत नाही. आईचे खळगे डावीउजवीकडे जोडीने आहेत, कडा गुळगुळीत, मेंदूकडचा थर शाबूत. आणि चक्कर आली होती तेव्हाचा सीटी तुम्ही पिवळ्या पिशवीत जपून ठेवलात ना, त्यातही हेच खळगे आहेत, जरा उथळ. इजिप्तच्या प्राचीन कवट्यांतही ते सापडले. शरीररचनाशास्त्रज्ञ ग्राफ्टन इलियट स्मिथ यांनी १९०७ साली त्याचं खापर तिथल्या जड केसांच्या टोपांवर फोडलं होतं. आईच्या डॉक्टरांशीही मी बोलले, त्यांनाही पटलंय. एवढ्यावर आईच्या डोक्याला सुई लावू देणं मला पटेना.

आई, दिवाळीत तुला तेल लावताना ते खळगे माझ्या बोटांना लागले होते. माझी टाळू भरताना तू जसं अलगद तेल जिरवायचीस, तसंच आता तुझ्या डोक्याला लावायचं. मालिशवाल्या मावशींना रगडू द्यायचं नाही.

आता ऐका. तिथलं हाड पातळ आहे, त्यामुळे पुन्हा पडायचं नाही. घाबरवत नाहीये गं, फक्त जपायचं. अशा झिजेसोबत कधी कधी बाकीची हाडंही ठिसूळ असतात, म्हणून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घ्या. निवांत पडून राहायचं, दुखत नाही. माळ्यावरचं काही हवं असेल तर शेजारच्या मुलाला हाक मारा, स्टुलावर चढायचं नाही. बाबा, तुम्हीसुद्धा! बाथरूममध्ये रबरी मॅट टाका. गरम पाण्याची बादली उचलायला लागू नये म्हणून गीझरचा नळ खाली घ्यायला सांगितलाय, धरायला दांडाही बसवतील.

शनिवारी सकाळी प्लंबर येईल. त्याला ‘कशाला हवंय’ म्हणून परत पाठवू नका, पैसे मी दिलेत.

तुमची,
चिऊ