टिकटिकणारा डबा आणि ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर : नानांना जाहीर आभारपत्र

आदरणीय नाना यांस,

सा. न. वि. वि.

आमच्या सहकारी दूध संस्थेच्या फॅट मशीनला, म्हणजे दुधातला स्निग्धांश मोजणाऱ्या यंत्राला, वीज पुरवणारा डबा आपण दुरुस्त करून दिलात, त्याबद्दल कार्यकारी मंडळाने आपल्या आभाराचा ठराव एकमताने संमत केला आहे. ठरावाच्या दोन ओळींत काम झाले एवढेच येते. ते कसे झाले, हे मात्र आसपासच्या संकलन केंद्रांच्या सचिवांना आणि हा दुरुस्तीचा धंदा शिकणाऱ्या मुलांना वाचायला मिळावे असे मला वाटले, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. त्याला आपण संमती दिलीत आणि नाव छापू नये अशी अट घातलीत. ती पाळून गावात आपल्याला ज्या संबोधनाने ओळखतात तेच येथे वापरले आहे.

हे मशीन बंद पडले की काय होते, हे दूध न घालणाऱ्या वाचकाला थोडे सांगायला हवे. उत्पादकाला मिळणारा दर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, यांवर ठरतो. आपल्याकडे गाईच्या दुधाला ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ हा आधार धरला जातो आणि त्याखालच्या प्रत्येक पॉइंटला पैसे कापले जातात. मशीन नसेल तर स्वित्झर्लंडच्या गेर्बर यांनी १८९१ मध्ये काढलेल्या पद्धतीकडे परत जावे लागते : प्रत्येक नमुन्यासाठी १० मिलीलिटर गंधकाम्ल, १०.७५ मिलीलिटर दूध, १ मिलीलिटर अमाइल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूज. पद्धत खात्रीची आहे, पण सकाळी रांगेत किटल्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांना ती परवडत नाही, आणि आम्ल हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यालाही नाही.

बिघाडाची लक्षणे आपण मला फोनवर ज्या बारकाईने विचारलीत, त्यातच निम्मे निदान झाले होते असे आता मागे वळून पाहताना वाटते. डबा २३० व्होल्ट घेऊन १२ व्होल्ट देणारा, ५ अँपिअरचा साधा एसएमपीएस, म्हणजे घरची एसी वीज कमी व्होल्टच्या डीसीत बदलणारा पुरवठा. थंडीत पहाटे वीज जाऊन परत आली की तो लगेच सुरू होत नसे. आतून टिक, टिक असा आवाज येई, हिरवा दिवा क्षणभर लागून विझे, आणि बऱ्याच वेळाने एकदाचा तो चालू झाला की पुढची वीज जाईपर्यंत निमूट चालत राही. पुढे तो वेळ वाढत गेला आणि एके दिवशी टिकटिक थांबलीच नाही. तत्पूर्वी एका कारागिराने झाकण उघडून १२ व्होल्टच्या बाजूचा, डोके फुगलेला एक कंडेन्सर (वीज साठवणारा भाग) बदलला होता. तो भाग खराब होताच, त्यामुळे त्या कारागिराला मी दोष देत नाही. पुढे ऊन पडू लागले तसे काही आठवडे सारे सुरळीत चालले आणि दुखणे बरे झाले असे सर्वांनी धरले. नंतर विचारणा केली तेव्हा विक्रेत्याकडून उत्तर आले की असे डबे दुरुस्त होत नाहीत, नवा घ्यावा.

आपण डबा टेबलावर घेतलात आणि प्रथम त्याला वीज जोडलीच नाहीत. फ्यूजच्या टोकांना कोणीतरी कधी तांब्याचा तंतू गुंडाळून ठेवला होता, तो आपण काढून टाकलात आणि बोर्डावर लिहिलेल्या क्षमतेचाच फ्यूज बसवलात. हे आपले पहिले काम, आणि त्याबद्दलचा आपला राग मला अजून आठवतो. मग १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये घेऊन डबा लावलात. आत शॉर्ट असता तर बल्ब पूर्ण तेजाने पेटला असता. तो एकदा लकाकून मंद झाला, म्हणजे एसीची डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर आणि मुख्य ट्रान्झिस्टर धड होते. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, म्हणून आपण तारेचे बल्ब जपून ठेवता, हेही तेव्हाच कळले.

त्यानंतर वीज काढूनही आपण आत हात घातला नाहीत, ही गोष्ट शिकणाऱ्या प्रत्येकाने टिपून ठेवावी. २३० व्होल्टची एसी वीज रेक्टिफायरमधून गेली की मोठ्या कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात. चालता डबा बंद केला तर जोडलेले यंत्र तो साठा ओढून घेते. जो डबा सुरूच होत नाही, त्यात मात्र तो बराच वेळ तसाच राहतो. म्हणजे बिघडलेला डबा चांगल्या डब्यापेक्षा अधिक घातक. आपण मोठा रेझिस्टन्स लावून तो साठा उतरवलात आणि मीटरवर व्होल्टेज खाली आलेले पाहूनच पुढे गेलात. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून साठा उतरवण्याची चाल आपल्याकडे फार आहे. ती बोर्डालाही घातक आणि माणसालाही.

माझ्या दृष्टीने खरे कौशल्य पुढे दिसले. डब्याचे नियंत्रण करणारी आयसी, म्हणजे चिप, यूसी३८४२ या जातीची होती, आणि जवळ बसलेल्या आमच्या एका संचालकांचे मत ती बदलून पाहावी असे होते. आपण त्यांना शांतपणे समजावलेत की ही आयसी सुमारे १६ व्होल्ट मिळाले की जागी होते आणि व्होल्टेज १० च्या खाली गेले की थांबते. या डब्यात ती जागी होते आहे आणि थांबते आहे, म्हणजे तिचे काम ती नीट करते आहे. मग थांबते का? सुरुवातीला तिला वीज मिळते ती एका मोठ्या रेझिस्टन्समधून, अगदी थेंबाथेंबाने. तो थेंब शेजारच्या ४७ मायक्रोफॅरडच्या (मायक्रोफॅरड हे साठवणक्षमतेचे माप) लहान कंडेन्सरमध्ये साठतो. आयसी चालू झाली की तिला १५ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, आणि ट्रान्सफॉर्मरवरचे तारेचे जादा वेटोळे (वायंडिंग) वीज देऊ लागेपर्यंत तिने त्या साठ्यावरच तग धरायचा असतो. आपण माझ्याच वहीच्या पानावर हिशेब मांडलात : ४७ मायक्रोफॅरड असतील तर १६ वरून १० व्होल्टवर यायला सेकंदाचे सुमारे १९ सहस्रांश मिळतात, कंडेन्सर सुकून ५ मायक्रोफॅरडवर आला असेल तर जेमतेम २. तेवढ्यात बाहेरचे १२ व्होल्ट उभे राहत नाहीत, आयसी झोपते, साठा पुन्हा भरतो, पुन्हा टिक. टिकटिक म्हणजे हेच.

कंडेन्सर काढून मोजला तेव्हा तो खरोखरच ५ मायक्रोफॅरडही भरत नव्हता आणि त्याचा ईएसआर, म्हणजे आतला अंगभूत रोध, कित्येक ओहम निघाला. बाहेरून मात्र तो नवा वाटावा असा. डोके सपाट, बुडाशी ओल नाही, आवरणाला सुरकुती नाही. फुगलेला दिसतो तेवढाच खराब, ही समजूत किती फसवी आहे, हे त्या दिवशी जमलेल्या आम्हा सर्वांना दिसले. थंडीचा संबंधही आपण उलगडलात : आतला द्राव थंडीत घट्ट होतो, उरलीसुरली क्षमता घटते आणि ईएसआर वाढतो, म्हणून पहाटे त्रास आणि दुपारी आराम. तरीही आपण घाई केली नाहीत. बाहेरच्या बाजूचा डायोड शॉर्ट असला तरी असाच आवाज येतो, म्हणून तो आणि बाहेरच्या व्होल्टेजची खबर प्रकाशाने आयसीकडे पोचवणारा ऑप्टोकपलर, शिवाय सुरुवातीची वीज देणारा तो रेझिस्टन्स, हे सर्व तपासूनच आपण डाग देण्याचे यंत्र (सोल्डरिंग आयर्न) तापत ठेवलेत.

भाग निवडताना आपण जो काटेकोरपणा दाखवलात, त्याचे मोल मला नंतर वाचून अधिक कळले. तालुक्याच्या दुकानात मिळत होता तो कंडेन्सर ८५ अंशांचा, म्हणजे फार तर तेवढ्या तापमानासाठी बनवलेला होता. आपण तो नाकारलात आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून १०५ अंशांचा, त्या तापमानात ५,००० तास टिकणारा, कमी ईएसआरचा आणण्यासाठी आम्हाला थांबायला लावलेत. तोवर गेर्बरवर दिवस काढावे लागले आणि सभासदांची कुरकुर मला ऐकावी लागली, हे खरे. पण हिशेब साधा आहे. तापमान १० अंशांनी उतरले की कंडेन्सरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा या क्षेत्रातला नेहमीचा आडाखा आहे. हा भाग उष्णता बाहेर टाकणाऱ्या गरम धातूच्या पट्टीला (हीटसिंकला) चिकटून, समजा ७५ अंशांत राहतो. तर १०५ अंशांना २,००० तासांचा कंडेन्सर १६,००० तास टिकेल, आणि वर्षाचे तास ८,७६० असल्यामुळे अखंड चालू असलेल्या डब्यात त्याला दोन वर्षेही पुरी होणार नाहीत. ५,००० तासांचा भाग त्याच जागी साडेचार वर्षे काढील. किमतीतला फरक काही रुपयांचा. याच कारणाने आपण नवा कंडेन्सर हीटसिंकपासून किंचित दूर कलता बसवलात, आणि बाहेरच्या बाजूला पूर्वी बदललेला साधा कंडेन्सर काढून तिथेही त्याच दर्जाची जोडी घातलीत.

जुना डाग काढताना आपण राळ लावून आणि सोल्डर विक (वितळलेला डाग शोषून घेणारी तांब्याची जाळीदार फीत) वापरून भोके स्वच्छ केलीत, बोर्डावरची तांब्याची पट्टी कुठेही उचकटू दिली नाहीत, आणि कंडेन्सरवरचा ऋण बाजू दाखवणारा पट्टा दोनदा पडताळलात. मग मोटारसायकलच्या हेडलाइटचा ३५ वॅटचा बल्ब भार म्हणून जोडलात. थंड बल्ब क्षणभर कितीतरी जास्त प्रवाह ओढतो, तेव्हा तो एका झटक्यात पेटणे हीच डब्याची परीक्षा, असे आपण म्हणालात. तो पेटला, मीटरवर १२ व्होल्ट स्थिर राहिले. तरीही डबा रात्रभर बंद ठेवून पहाटेच्या थंडीत पुन्हा लावून पाहिल्याशिवाय आपण तो आमच्या ताब्यात दिला नाहीत. बिघाड ज्या वेळी दिसत होता त्याच वेळी तपासणी करायची, ही साधी गोष्ट आधी कोणालाच सुचली नव्हती.

झाकणाच्या आतल्या बाजूला आपण चिकटवलेला कागद मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्यावर तारीख, बदललेल्या भागांची मूल्ये, मोजलेली व्होल्टेज आणि पुढच्या वेळी आधी काय पाहावे, हे आपल्या सुवाच्य अक्षरात आहे. कारागीर आपली विद्या अशी झाकणाखाली उघडी ठेवून जातो, हे मी तरी प्रथमच पाहिले. आपण मजुरी म्हणून सांगितलेली रक्कम संस्थेने पावतीसह दिली आहे; ती कमी आहे असे मंडळाचे मत पडले, परंतु आपण त्याहून अधिक घेणार नाही म्हणालात, म्हणून ठरावात त्याची नोंद तेवढी केली आहे.

आता एक विनंती. आपल्या कामाची वार्ता पसरल्यामुळे शेजारच्या दोन केंद्रांनी आपापले बंद डबे आमच्याकडे आणून ठेवले आहेत. एकात तीच टिकटिक आहे. दुसरा अगदी मुका आहे आणि त्याचा फ्यूज काळा पडलेला दिसतो. कोणीही त्यांना वीज जोडू नये अशी चिठ्ठी मी दोन्हींवर लावली आहे. गावातील आयटीआयला जाणाऱ्या दोन मुलांना आपल्या शेजारी बसून काम पाहण्याची इच्छा आहे. आपली हरकत नसल्यास त्यांनाही बोलावीन. संध्याकाळचे संकलन साडेसातपर्यंत आटोपते, त्यानंतरचा आपल्या सोयीचा दिवस कळवावा.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
सचिव, सहकारी दूध उत्पादक संस्था