शेवंतीसाठी लवकर केलेली रात्र

एडमंटन, कॅनडा, 2 सप्टेंबर 2024

प्रिय सुमे,

शनिवारी गणपती बसतील आणि यंदा माझ्या अंगणातली शेवंती फुललीय! तू विचारलंस, कुठलं खत घातलंस? अगं, खत नाही. मी तिला रात्र दिली.

तुला ठाऊकच आहे, पहिल्या वर्षी काय झालं. झाडं कमरेएवढी, कळ्यांनी लगडलेली, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका पहाटे सगळं गोठलं. कळ्या काळ्या पडल्या. मी रडले होते. चूक माझीच होती, मी नत्राचं खत वाढवत बसले होते. इथे मेअखेरपर्यंत रोप बाहेर ठेवता येत नाही आणि सप्टेंबरात थंडी परत दारात. त्यात जुलैत सूर्य रात्री दहाला मावळतो! शेवंतीची पानं अंधार मोजतात. रात्र लांबली नाही तर ती फुलत नाही, नुसती वाढत राहते. तिकडे शेतकरी फुलणं पुढे ढकलायला शेवंतीवर रात्री दिवे लावतात ना, मी त्याच्या बरोबर उलटं केलं.

मार्चमध्ये काश्या, म्हणजे बुडाशी फुटलेले मुळांसकट कोंब, फोडून खिडकीत कुंड्यांत लावल्या. जूनअखेर शेवटचा शेंडा खुडला. 1 जुलैपासून रोज संध्याकाळी सहाला वाफ्यावर जाड काळं कापड घालायचं, सकाळी आठला काढायचं. 14 तास काळोख, एकही दिवस खाडा नाही. बाहेर लख्ख ऊन असताना झाडं झाकताना पहिले काही दिवस जिवावर यायचं. आत उकडू नये म्हणून पूर्ण अंधारलं की कडा थोड्या उचलायचे, उजाडायच्या आत पुन्हा खाली. चौथ्या आठवड्यात शेंड्यांवर मोहरीएवढ्या हिरव्या गाठी दिसल्या. सुमे, मी तिथेच मातीत बसकण मारली. कळ्यांवर पिवळा रंग दिसला तेव्हा झाकणं थांबवलं.

फक्त कोपऱ्यातलं एक रोप अजून नुसतं पानांचंच आहे. कापडाला तिथे रुपयाएवढं भोक होतं आणि शेजारच्यांच्या ओसरीवरचा दिवा रात्रभर थेट त्यावर पडत होता. ते भोक ठिगळ लावून बुजवलंय.

काल एक पान चुरगळून वास घेतला. थेट तुमच्या वाईच्या परसातला.

गौरींच्या वेण्या मीच करणार आहे. आईंना माझा नमस्कार सांग. सहा वाजत आले, त्या कोपऱ्यातल्या रोपावर कापड घालून येते.

तुझी,
मंगल