टेबललँड हे विवर नव्हे, आणि आंबेघर एकच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत महाबळेश्वर-पाचगणीवर आपण जो पानभर लेख छापला आहे, त्याच्या लेखकाने घाट चढताना गाडीची काच एकदाही खाली केली नसावी, असे तो वाचून वाटले. छायाचित्रे उत्तम आहेत, छपाईही स्वच्छ आहे आणि स्ट्रॉबेरीचे वर्णन तर तोंडाला पाणी सुटावे असे आहे. परंतु ‘पाचगणीचे टेबललँड म्हणजे निद्रिस्त ज्वालामुखीचे सपाट झालेले मुख’ हे वाक्य मुलांनी प्रकल्पाच्या वहीत उतरवून घेण्याआधी कोणीतरी खोडायला हवे, म्हणून हा पत्रप्रपंच.

या डोंगरात ज्वालामुखीचे मुख शोधू नये, ते मिळायचे नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर पडून दूरवर पसरला आणि घोंगडीवर घोंगडी टाकावी तसे त्याचे आडवे थर साचत गेले. तो शंकूसारख्या उंच डोंगराच्या तोंडातून उसळला, हे चित्र सिनेमातले आहे. सह्याद्री हा खरे तर उभा राहिलेला डोंगरच नव्हे, तर या थरांच्या विस्तीर्ण पठाराची पश्चिमेकडून झिजत मागे सरकलेली कड आहे. म्हणूनच कोकणातून पाहणाऱ्याला तो भिंतीसारखा दिसतो आणि वाईकडून येणाऱ्याला आपण डोंगर कधी चढलो हे पसरणीचा घाट संपल्यावर कळते. टेबललँड सपाट आहे ते त्याच्या डोक्यावरच्या जांभ्यामुळे. उष्ण आणि दमट हवेत काळा पाषाण दीर्घकाळ कुजत राहिला, पावसाने त्यातील सिलिका वाहून नेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरून त्यांचे टणक कवच झाले, तोच हा तांबडा, सच्छिद्र दगड. लेखात त्याला ‘लाव्हाचा शेवटचा लाल थर’ म्हटले आहे. लाल आहे, एवढेच त्यात खरे आहे.

याच जांभ्यात पावसाचे पाणी मुरते, खालच्या चिकण थरावर अडते आणि कड्याच्या पोटातून झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या मंदिरात आपण ज्या पाण्यापुढे हात जोडतो त्याची कूळकथा ही अशी आहे. लेखकाने तिथे ‘पाच नद्या एकत्र येऊन पूर्वेकडे वाहतात’ असे लिहून सावित्रीला परस्पर बंगालच्या उपसागरात नेऊन सोडले आहे. सावित्री पश्चिमेला उतरते, पोलादपूर आणि महाडवरून जाते आणि बाणकोटला अरबी समुद्राला मिळते, हे महाडचा कोणीही सांगेल. महाडकरांना २०२१ मध्ये तिच्या पुराने हे सविस्तर सांगितलेच आहे.

आता नावांविषयी. ‘१८२४ साली लॉडविक या इंग्रज अधिकाऱ्याने महाबळेश्वर शोधून काढले’ हे वाक्य पर्यटन माहितीपत्रकांत शोभून दिसते, वृत्तपत्रात नव्हे. ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवरायांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली, ती मग लेखकाच्या मते कुठल्या महाबळेश्वरात केली? ज्याला आपण विल्सन पॉइंट म्हणतो त्याचे नाव सिंदोळा. सर लेस्ली विल्सन हे १९२३ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले, म्हणजे हे ‘ऐतिहासिक’ नाव फार तर शंभरेक वर्षांचे आहे. केट्स पॉइंट ही नाके खिंड आणि आर्थर सीट म्हणजे मढीमहाल. नावे बदलण्याच्या राजकारणात मला पडायचे नाही, तिथे सध्या माणसांची टंचाई नाही. इंग्रजांनीही आपली नावे फिरवलीच होती: लॉडविक पॉइंट आधी सिडनी पॉइंट होता आणि कॅनॉट पीक आधी माउंट ऑलिम्पिया. माझे म्हणणे एवढेच आहे की, इंग्रजी नावाशेजारी जुने नाव छापायला चार अक्षरांहून अधिक जागा लागत नाही. गंमत अशी की, जगभरचे भूशास्त्रज्ञ दख्खनच्या या थरांना पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा अशाच नावांनी ओळखतात आणि त्या गटाला वाईचे नाव आहे. ज्या घाटाला इंग्रजांनी फिट्झजेराल्ड घाट म्हटले, तो लोकांनी आंबेनळीच ठेवला आणि शास्त्रानेही. परदेशातील विद्यापीठांत जे नाव चालते, ते आपल्या पुरवणीत का चालू नये?

परंतु ज्या वाक्याने माझे डोके खरोखर फिरले, ते लेखाच्या शेवटी एका चौकटीत आहे. ‘२०२१ च्या पावसाळ्यात आंबेघर येथे निसर्गाचा कोप झाला.’ कुठले आंबेघर? सातारा जिल्ह्यात आंबेघर तर्फ मरळी आहे आणि आंबेघर तर्फ मेढा आहे. दरड कोसळली ती पाटण तालुक्यातील आंबेघर तर्फ मरळीवर. आंबेघर तर्फ मेढा जावळी तालुक्यात आहे आणि तिथे माझी बहीण राहते.

त्या वेळी, म्हणजे २२ आणि २३ जुलैला, महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्याकडे वीज नव्हती, फोन लागला तर लागत होता. एका वृत्तवाहिनीने पडद्याच्या खालच्या पट्टीत ‘सातारा : आंबेघरवर दरड, घरे गाडली’ एवढेच फिरवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी एका दैनिकानेही तोच शब्द तसाच उचलला. माझा भाचा नवी मुंबईच्या बाजारात माथाडी आहे. त्याचा फोन एकदाच लागला. “मामा, आईचा फोन लागत नाही, टीव्हीवर आपलं आंबेघर दाखवतायत,” इतके म्हणाला आणि आवाज तुटला. मी पावसात बहिणीकडे गेलो, ती चुलीपुढे ओली लाकडे फुंकत बसली होती. ही सुखरूप बातमी भाच्यापर्यंत पोहोचवायला मात्र कुठलाही मार्ग नव्हता. तो कोणाच्या तरी टेंपोत बसून निघाला, बंद रस्त्यांना वळसे घेत मेढ्याला पोहोचला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ‘तर्फ मेढा’ किंवा ‘तर्फ मरळी’ यांपैकी एक शब्दजोडी पट्टीत असती तर हा पोरगा त्या रात्री रस्त्यावर नसता. पुढचे दोन दिवस मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक फोनला मी “आपले आंबेघर ठीक आहे” असे सांगत होतो आणि दर वेळी जीभ जड होत होती, कारण दुसऱ्या आंबेघरची माणसे खरोखरच मातीखाली गेली होती आणि त्यांचे नातेवाईक आमच्या मेढ्याकडे चौकशी करत होते.

डोंगरी मुलखात ‘तर्फ’, ‘बुद्रुक’, ‘खुर्द’, ‘मुरा’ हे शब्द शोभेसाठी लावलेले नाहीत. खोऱ्याखोऱ्यांत तीच झाडे, तीच दरी आणि त्यामुळे तीच नावे पुन्हा येतात, म्हणून जुन्या लोकांनी त्यांना शेपट्या लावल्या. जागा वाचवायची म्हणून उपसंपादक पहिल्यांदा कापतात ते हेच.

आणि ‘निसर्गाचा कोप’ म्हणजे काय? आंबेनळी घाटात गाडी बाजूला घेऊन लेखकाने कातळाची कापलेली भिंत नीट पाहावी. दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. नखाने उकरला तर भुकटी हाताला लागते आणि श्रावणात याच पट्ट्याच्या रेषेवरून पाणी पाझरत असते. वर कातळ कुजून झालेला मुरूम आणि माती असते, ती फुगेपर्यंत भिजली की खालच्या टणक उतारावरून सुटते. त्यात जिथे पायथ्याशी रस्ता किंवा घर बांधण्यासाठी उतार कापलेला असतो तिथे तिला आधारही उरलेला नसतो. याला कोप म्हटले की कोणाला काही विचारायचे कारणच उरत नाही.

जाता जाता, पाचगणीचे ‘मूळचे सिल्व्हर ओकचे जंगल’ ऑस्ट्रेलियातून आलेले आहे. इथले जंगल जांभूळ, हिरडा, अंजनी आणि गेळा यांचे. छायाचित्रात मागे जे गर्द दिसते आहे ते तेच, पण ओळीत त्याचा उल्लेख नाही.

आपण दुरुस्ती छापालच अशी खात्री आहे. ती राशिभविष्याच्या खाली बोटभर जागेत न छापता पुरवणीच्या त्याच पानावर छापावी, ही विनंती. याआधी कासच्या पठारावरील गर्दीविषयी मी पाठवलेल्या पत्रातून आपण वाहनतळाबद्दलचा मजकूर कापून केवळ फुलांचे कौतुक ठेवले होते आणि गावात माझी ओळख फुलांवर लिहिणारे गुरुजी अशी झाली आहे. या पत्रातून काही कापायचेच असेल तर छपाईची स्तुती कापावी.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
मेढा, ता. जावळी, जि. सातारा