चेहरा बदलला, तर तसं छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीपासून आपल्या दैनिकात आणि शहरातल्या फलकांवर एका परफ्युमची जाहिरात झळकते आहे. कंपनीचं नाव घेत नाही. नाव घेतलं की पत्र बाजूला राहतं आणि वकिलाची नोटीस पुढे येते. या कंपनीची आधीची जाहिरात बहुतेकांना पाठ असेल. गच्ची, कलतं ऊन, निळ्या साडीतली सैल अंबाडा घातलेली मुलगी, आणि तिचं ते मागे वळून बघणं. यंदाही गच्ची तीच, साडी तीच, अंबाडा तसाच, वळणंही तसंच. मुलगी मात्र दुसरी आहे, आणि तसं कुठेही लिहिलेलं नाही.

माझा रविवार कारंजाजवळ फोटो स्टुडिओ आहे. व्हिसाच्या फोटोसाठी गिऱ्हाइकाला केस मागे घ्यायला सांगता सांगता कान बघायची सवय लागते. माणूस बारीक होतो, केस रंगवतो, भुवया कोरतो, हल्ली नाकसुद्धा बदलून घेतो. कानाची ठेवण तेवढी जन्मभर फारशी बदलत नाही. आधीच्या मुलीच्या कानाची पाळी सुटी, खाली लोंबणारी होती. नवीची थेट जबड्याला चिकटलेली आहे. ही झाली आमच्या धंद्यातली नजर. प्रत्येक वाचकाने कान तपासावेत असं माझं म्हणणं नाही. मला टोचला तो तीळ. आधीच्या मुलीच्या हनुवटीवर डाव्या अंगाला एक तीळ होता. नव्या मुलीच्याही आहे, अगदी त्याच जागी, पण भिंगाखाली धरला तर त्याची कड पेन्सिलीची दिसते. कंपनीला नवा चेहरा हवा होता तर तीळ कशाला रंगवायचा? तो रंगवला याचा अर्थ एकच: आपल्याला फरक कळू नये अशीच इच्छा होती.

कॉलेज रोडवरच्या एका मोठ्या दुकानात परफ्युमच्या काउंटरवर विचारून पाहिलं. तिथली मुलगी म्हणाली, "तीच आहे काका, थोडी बारीक झालीय." तिला दोष देत नाही, तिला कुणी काही सांगितलेलंच नाही. कंपनीला ई-मेल केला, तर आमच्या ब्रँडवरच्या प्रेमाबद्दल आभार आणि पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट, असं उत्तर आलं.

हे का होत असावं, याचा अंदाज या धंद्याच्या कडेकडेने वावरणाऱ्याला बांधता येतो. आमच्या स्टुडिओत पोर्टफोलिओ करून घेऊन पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला ऑडिशनला जाणारी पोरंपोरी मी वर्षानुवर्षं बघतो आहे. जाहिरातीचा मोबदला नुसत्या शूटिंगच्या दिवसाचा नसतो. तो फोटो किती काळ, कुठल्या माध्यमात आणि कुठल्या प्रदेशात वापरायचा हे करारात ठरतं. मुदत संपली की करार पुन्हा करायचा, आणि तोवर चेहरा ओळखीचा झालेला असल्याने मागणी वाढते. ती वाढायलाच हवी, कारण ती ओळख त्या चेहऱ्यानेच मिळवून दिलेली असते. तिथे कुणाला तरी सुचतं की तशीच दुसरी मिळाली तर नवख्या मुलीच्या दरात जुनीची ओळख वापरता येईल.

चेहरा बदलायला माझी हरकत नाही. शनेल नंबर ५ या परफ्युमसाठी कॅथरीन दनव्ह होती, मग कॅरोल बुके आली, २००४ साली निकोल किडमन आली. डिओरच्या 'जादोर'चा चेहरा बरीच वर्षं शार्लीझ थेरॉन होती, २०२४ मध्ये तिच्या जागी रिहाना आली. कुणीही रिहानाला थेरॉनसारखा विग घातला नाही. इसाबेला रोसेलिनी या नटीला लँकोम या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने सुमारे चौदा वर्षं मिरवलं आणि चाळिशी उलटल्यावर घरी बसवलं. ते मला आजही पटत नाही, पण ते उघडपणे झालं, आणि २०१६ मध्ये त्याच कंपनीने तिला पुन्हा बोलावलं.

परफ्युमच्या बाबतीत ही लपवाछपवी जास्त लागते, कारण कागदाला आणि पडद्याला वास नसतो. साबणाचा फेस दाखवता येतो, मोबाइलचा कॅमेरा दाखवता येतो. सुगंधाच्या जाहिरातीत सुगंध सोडून सगळं असतं. कंपनी आपल्याला एक चेहरा दाखवते आणि 'हिच्याजवळ गेलात तर असं वाटेल' एवढंच सुचवते. बाटली हातात घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाकडे असतो तो फक्त तो चेहरा, आणि इथे नेमका तोच गुपचूप बदलला आहे.

याच कंपन्या आपल्या मालाची नक्कल झाली की काय करतात, तेही बघा. भद्रकालीत दूध बाजाराकडे अत्तराची जुनी दुकानं आहेत. तिथे एखाद्या परदेशी परफ्युमचं नाव सांगितलं की दुकानदार काचेच्या बाटलीची दांडी मनगटावर टेकवतो, वर कापसाचा फाया कानात खोचायला देतो आणि आपणहून सांगतो, "भाऊ, हे त्याच्या टाइपचं आहे, ते नाही. नंतर भांडायला येऊ नका." भावातही फरक असतो आणि तो का, हे दोघांनाही ठाऊक असतं. युरोपात हेच छापील यादी करून सांगणाऱ्यांना, म्हणजे आमचा अमुक माल तमुक ब्रँडसारखा असं सांगणाऱ्या बेल्यूर कंपनीला आणि तिच्या विक्रेत्यांना, लॉरिआल समूहाने कोर्टात खेचलं. जून २००९ मध्ये युरोपीय न्यायालयाने लॉरिआलच्या बाजूने कौल दिला: मोठ्या ब्रँडच्या नावलौकिकाचा गैरफायदा घेऊन अशी तुलना करता येणार नाही. त्यातल्या सुगंधांमध्ये याच समूहातल्या लँकोमचा 'त्रेझोर' होता. १९९० मध्ये तो बाजारात आला तेव्हा त्याचा चेहरा याच रोसेलिनीबाई होत्या. या निकालाच्या तीन वर्षं आधी, २००६ मध्ये, याच 'त्रेझोर'च्या वासाला चित्रासारखा, पुस्तकासारखा स्वामित्वहक्क असू शकतो, असं नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं होतं. (त्याच महिन्यात फ्रान्सच्या न्यायालयाने बरोबर उलटं सांगितलं, हा भाग वेगळा.) म्हणजे वासाची नक्कल झाली की या धंद्यातल्या कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात. मग चेहऱ्याची नक्कल झाली तर ती काटकसर कशी काय ठरते?

चेहऱ्याचा निवाडाही जुनाच आहे. १९८३ मध्ये ख्रिश्चन डिओरच्या अमेरिकेतल्या कंपनीने एका खोट्या लग्नसमारंभाची जाहिरात केली. फोटो रिचर्ड ॲव्हेडॉनचा, आमच्या व्यवसायातलं फार मोठं नाव. वऱ्हाडी मंडळींत अमेरिकेचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी जॅकलिन केनेडी ओनासिस उभ्या दिसत होत्या. प्रत्यक्षात ती त्यांच्यासारखी दिसणारी, सेक्रेटरीची नोकरी करणारी एक बाई होती. ओनासिसबाई न्यायालयात गेल्या. त्यांचं नाव वापरलेलं नाही, फोटोही त्यांचा नाही, हा बचाव टिकला नाही. पाहणाऱ्याला त्या दिसाव्यात म्हणूनच हा चेहरा निवडला, सजवला आणि उभा केला, मग तो त्यांच्याच चित्राचा वापर झाला, असं १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ठरवलं आणि जाहिरात थांबवली. सारखं दिसणाऱ्या बाईने आपल्या चेहऱ्यावर पोट भरू नये असं कुणी म्हटलं नाही. दुसऱ्याच वर्षी वुडी ॲलन या अमेरिकन नट-दिग्दर्शकाच्या तोतयाच्या खटल्यातही न्यायालयाचा रोख लोकांची दिशाभूल होण्यावरच होता. हा खरा ॲलन नाही, हे स्पष्ट सांगून काम करायला त्या माणसाला मोकळीक राहिली.

आपल्याकडे गणपतीत ऑर्केस्ट्रा येतो तेव्हा निवेदक माइकवरून 'ज्युनिअर अमुक' अशीच ओळख करून देतो. शिट्ट्या पडतात, नोटा उधळल्या जातात, आणि घरी जाताना कुणालाही फसल्यासारखं वाटत नाही.

कुणाचा चेहरा किंवा आवाज परवानगीशिवाय वापरण्याबद्दल भारतात स्वतंत्र कायदा नाही, पण न्यायालयांनी वाट पाडली आहे. २०१२ मध्ये अमिताभ आणि जया बच्चन यांचे फोटो परवानगीशिवाय वापरणाऱ्या एका सराफाला दिल्ली उच्च न्यायालयाने रोखलं. २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने थांबवली, पुढच्या वर्षी आशाताई भोसले यांच्या आवाजालाही संरक्षण दिलं. ही सगळी नाववाली माणसं. गच्चीवरच्या त्या मुलीचा चेहरा नाशिकमध्ये घरोघरी ठाऊक आहे आणि नाव कुणालाच ठाऊक नाही. ती कोणत्या नावाने दाद मागणार? नाववाल्यांचीही गत फार वेगळी नसते. २०२० मध्ये जो मलोन या परफ्युम कंपनीने जॉन बोयेगा या ब्रिटिश नटाची जाहिरात चीनसाठी लिऊ हाओरान या नटाला घेऊन पुन्हा चित्रित केली. मूळ कल्पना बोयेगाची, त्याच्या लंडनमधल्या वस्तीत, त्याच्या माणसांना घेऊन केलेली. त्याला ना विचारलं, ना कळवलं. बोभाटा झाल्यावर कंपनीने माफी मागितली, तरी त्याने ब्रँडचं काम सोडलं. त्याच्या शब्दाला वजन होतं म्हणून निदान माफी तरी आली.

आणि यापुढे तर तशी दिसणारी मुलगी शोधायचाही त्रास उरणार नाही. २०२५ मध्ये एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीने तीस मॉडेल्सच्या डिजिटल जुळ्या प्रतिमा करायचं जाहीर केलं. त्याच वर्षी अमेरिकन 'व्होग' या फॅशन मासिकाच्या ऑगस्टच्या अंकात 'गेस' या कपड्यांच्या ब्रँडच्या जाहिरातीतली बाई संगणकाने बनवलेली होती. ते कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं, तरी त्यावर गहजब झाला. आपल्या निळ्या साडीवालीच्या जाहिरातीत तेवढी बारीक अक्षरंही नाहीत.

नव्या मुलीबद्दल माझ्या मनात काही नाही. तिला कदाचित पहिलंच मोठं काम मिळालं असेल, आणि स्वतःच्या चेहऱ्याऐवजी दुसरीच्या तिळासाठी मिळालं असेल. उद्या ती ओळखीची झाली की तिच्यासारखी तिसरी शोधतील.

जाहिरात मानक परिषदेकडे (१९८५ पासून ती हे काम करते) कुणाही ग्राहकाला फुकट तक्रार करता येते, ती मी केली आहे. एखाद्या व्यक्तीचा संदर्भ तिच्या परवानगीविना जाहिरातीत येऊ नये, असं त्यांच्या संहितेत आहे. तो नियम सारख्या दिसणाऱ्या चेहऱ्याला लावायचा की नाही, ते परिषदेने ठरवावं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंड करता येतो, पुन्हा घडलं तर पन्नास लाखांपर्यंत. तिकडेही अर्ज पाठवतो आहे.

आपल्याकडे मागणं एवढंच आहे. ती जाहिरात आपल्या पहिल्या पानावर, अख्ख्या पानाची, तीनदा तरी येऊन गेली. पुढच्या वेळी जाहिरात विभागाने कंपनीला एक लेखी प्रश्न विचारावा: ही तीच मॉडेल आहे का, नसेल तर खाली तसं छापायला हरकत आहे का? जुन्या आणि नव्या जाहिरातीची कात्रणं सोबत जोडली आहेत. पत्रासोबत छापायची की नाही हे आपण ठरवा, पण जाहिरात विभागाच्या टेबलावर एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक
रविवार कारंजा, नाशिक