आधी नवऱ्याची तपासणी, मग आययूआय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी कोल्हापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. वीर्यतपासणी हे माझ्या रोजच्या कामातलं एक. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांच्या फायली हाताळताना जे दिसतं, ते आपल्या वाचकांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

फाईल जाडजूड असते. सुनेच्या थायरॉईडचे, हार्मोनचे रिपोर्ट, सोनोग्राफी, गर्भनळ्या उघड्या आहेत का हे बघायला काढलेला एक्स-रे, एखादीची दुर्बिणीतून झालेली तपासणीसुद्धा. त्याआधी नृसिंहवाडीला औदुंबराच्या प्रदक्षिणा झालेल्या असतात. नवऱ्याचा मात्र एकही कागद नसतो. विचारलं की सासूबाई म्हणतात, "त्याला काय झालंय? धडधाकट हाय की." अहो, धडधाकट माणसाचेही शुक्राणू कमी असू शकतात. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही काही ना काही कारण निघतं, आणि ते शोधायची ही तपासणी स्वस्त आहे, सुईसुद्धा टोचावी लागत नाही.

आययूआयमध्ये, म्हणजे कृत्रिम रेतनात, वीर्य लॅबमध्ये धुऊन त्यातले चपळ शुक्राणू वेगळे काढतात आणि अंडं फुटण्याच्या सुमारास बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. त्यासाठी बाईची निदान एक गर्भनळी उघडी हवी आणि हलणारे शुक्राणू पुरेसे हवेत. सगळं जुळूनही एका वेळेला शंभरातल्या साधारण दहा-पंधराजणींनाच दिवस जातात. ज्याचे शुक्राणू मुळातच अगदी थोडे आहेत, त्याची तपासणी न करता बायकोला महिनोन् महिने इंजेक्शनं देत राहायचं, आणि पाळी आली की ठपका पुन्हा तिच्यावरच. हा शुद्ध अन्याय आहे.

आमच्याकडे शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत भट्टीपुढे राबणारे, गुऱ्हाळावर चुलवाण सांभाळणारे कितीतरी तरुण आहेत. सततच्या उष्णतेने शुक्राणू घटतात, तंबाखू-माव्यानेही. जोराचा ताप येऊन गेला तरी आकडा खाली येतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून एका खराब रिपोर्टने हाय खाऊ नये. सवयी सुधारून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. गोठ्यात रेतन करायचं तर रेडा कुठल्या जातीचा, त्याच्या आईला दूध किती, हे खोदून विचारणारा आमचा शेतकरी स्वतःच्या तपासणीचं नाव काढलं की मान खाली घालतो. यात लाजण्यासारखं काहीही नाही.

पण लाज वाटावी अशी सोय आपणच केली आहे, हेही खरं. नमुना तासाभरात लॅबला पोचावा लागतो. जिल्ह्याच्या टोकाच्या चंदगडहून खिशात बाटली घेऊन निघालेल्या माणसाचा रिपोर्ट बरोबर कसा येणार? आणि लॅबमध्ये द्यायचा म्हटलं, तर बऱ्याच ठिकाणी वेगळी खोली नसते. गर्दीतून बाटली हातात घेऊन सार्वजनिक संडासात जावं लागतं. गेल्या महिन्यात एक तरुण बाटली टेबलावर तशीच ठेवून निघून गेला, पुन्हा आला नाही.

रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य आले, तर काही घरांत दात्याच्या वीर्याची गोष्ट परस्पर, सासू आणि डॉक्टरांतच ठरते. तसं चालत नाही. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने नवरा-बायको दोघांची लेखी संमती लागते, वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावं लागतं आणि दात्याचा बाळावर कसलाही हक्क राहत नाही. ते बाळ कायद्याने त्या जोडप्याचंच. आययूआय करणाऱ्या दवाखान्यालाही नोंदणी सक्तीची आहे. प्रमाणपत्र दाखवा म्हणायला कचरू नका.

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे, की प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात वीर्यतपासणी सुरू करावी आणि तिथे आतून कडी लागेल अशी एक स्वच्छ खोली द्यावी. डॉक्टरांनीही नवऱ्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय बाईला एक्स-रेच्या टेबलावर घेऊ नये.

आपली,
एक लॅब तंत्रज्ञ, राजारामपुरी, कोल्हापूर