ढाक्यात भेटलेल्या चाचांना

चाचा,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र जाहीरच लिहितेय.

शाहबागच्या राष्ट्रीय संग्रहालयात बांगलादेशचे चित्रकार शिल्पाचार्य जैनुल आबेदिन यांच्या दुष्काळचित्रांसमोर मी वही घेऊन उभी होते. शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे नजर सगळी हातावर: कोरडा होत आलेला ब्रश, एका फटकाऱ्यात उतरलेली बरगडी. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळात कोलकात्याच्या आर्ट स्कूलमधला हा तरुण मास्तर रस्त्यावर उतरला आणि पॅकिंगच्या स्वस्त कागदावर काळ्या शाईनं चित्रं काढत राहिला, एवढं मला पाठ होतं.

तुम्ही नातवाला घेऊन शेजारी आलात. चित्रातल्या रिकाम्या भांड्याकडे बोट दाखवून म्हणालात, "ही भात मागत नाहीये. फ्यान मागतेय." मला कळेना. मग तुम्ही हवेतच पातेलं कलतं केलंत, वर झाकण दाबून धरलंत. माझी आजी भात वेळताना वेळणी अगदी अशीच धरायची! भात गाळून काढलेलं ते पाणी, म्हणजेच फ्यान, आमच्याकडे गुरांना जायचं. तुमच्याकडे माणसं दारोदार तेच मागत होती, कारण भात मागायची आशाच उरली नव्हती. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, भाव भडकले, जपानी येतील म्हणून सरकारनं नावा ताब्यात घेतल्या. त्यात तुमच्या आजोबांचीही होती. हे सांगताना तुम्ही नातवाचा हात सोडला नाहीत.

मग तुम्ही आबेदिन यांच्या १९७०च्या 'नवान्न' या चित्राबद्दल सांगितलंत. ६५ फुटांचा पट! आमच्याकडेही नव्या भाताला नवान्नच म्हणतात, हे ऐकून केवढे खुललात तुम्ही. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात चक्रीवादळ आलं, त्याच हातांनी वादळात सापडलेल्या मनपुरा बेटाचा ३० फुटांचा पट काढला, तिथे प्रेतांचा ढीग.

चाचा, मी इतकी वर्षं मुलांना त्या रेषेचा वेग शिकवत होते. ती एवढी कोरडी का, हे तुमच्यामुळे कळलं. मनापासून आभार.

यंदा आठवीच्या मुलांना ब्रश देण्याआधी फ्यानची गोष्ट सांगितली. एका मुलीनं फक्त कलतं पातेलं काढलं, आणि खाली धरलेली ओंजळ. ते चित्र तुम्हाला दाखवायचं होतं.

तुमची,
सिंधुदुर्गातली एक चित्रकला शिक्षिका